‘पुढचं पुस्तक’ ग्रुपमधून काढलेल्या वैशालीला

वैशाली,

अ‍ॅसिडिटी आहे, म्हणालीस. जबडा दुखतोय, पाठ भरून आलीये, पायऱ्या चढताना दम लागतोय, आणि तू म्हणे, ‘काल बाहेरचं खाल्लं ना, अ‍ॅसिडिटी आहे गं.’ तू. फिजिओथेरपिस्ट. मुलुंडमधल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना ‘काका, दुखणं अंगावर काढू नका’ म्हणून ओरडणारी. आणि ज्या डॉक्टरकडे गेलीस, त्यानंही गोळी देऊन पाठवलं. बाईमाणसाचं दुखणं म्हणजे एक तर अ‍ॅसिडिटी, नाहीतर टेन्शन. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकमध्ये एका पेशंटचा खांदा फिरवता फिरवता तू खाली बसलीस आणि उठलीच नाहीस.

मी तुझ्यावर चिडलेय. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्याबद्दल सध्या सगळे इतकं गोडगोड बोलतायत की माझ्या तोंडाला मिठी बसलीये.

आपली ओळख भांडणातूनच झाली, आठवतं? इरा तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिनं वाचणं बंद केलं होतं. मी ‘पुढचं पुस्तक’ ग्रुपवर लिहिलं, ‘मुलगी तेरा वर्षांची आहे, चांगल्या संस्कारक्षम कादंबऱ्या सुचवा.’ तो ग्रुप होताच त्यासाठी. कुणी काय वाचलं, कुठल्या वयाच्या मुलामुलींनी पुढे काय वाचावं, हे एकमेकांना सांगायचं. पोरं होती, आया होत्या, शाळांमधले शिक्षक होते. मला भराभर उत्तरं आली. सगळ्यांनी नावंच नावं टाकली. तू मात्र लिहिलंस, ‘मुलगी कुठंय? तिलाच लिहू दे ना.’

मला राग आला. मी लिहिलं, ‘मी तिची आई आहे.’ तू लिहिलंस, ‘हो, पण वाचायचं तिला आहे.’

शेवटी इरानं माझ्या फोनवरून लिहिलं. काय लिहिलं, तर घरातून पळून जाणाऱ्या मुलीची कादंबरी हवीये. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी हातात पोळीचं पीठ घेऊन उभी, आणि माझ्या मुलीला पळून जायचंय! मी तुला तडक फोन लावला. तू हसत सुटलीस. ‘अगं, पुस्तकात पळू दे ना. तिकीट पण लागत नाही.’

ती कादंबरी इरानं दोन दिवसांत संपवली आणि मग जेवताना, स्वतःहून, मला तिची गोष्ट सांगितली. त्याआधी कित्येक महिने ती जेवताना मान खाली घालून बसायची. हे तुझे माझ्यावरचे उपकार आहेत आणि ते मी तुला कधी नीट बोलून दाखवले नाहीत. म्हणायला गेले की तू म्हणायचीस, ‘ए, सेंटी नको होऊस.’

मग तू मलाही वाचायला लावलंस. बेचाळिसाव्या वर्षी मी पंधरा वर्षांच्या पोरांच्या कादंबऱ्या वाचायला लागले. मुलुंड स्टेशनजवळच्या त्या उडप्याकडे आपण बसायचो, आणि आजूबाजूच्यांना वाटायचं, या दोन बायका कुणाच्या तरी घटस्फोटावर बोलतायत. ‘तिनं त्याला माफ करायला नको होतं!’ ‘अगं, पण बाप आहे ना तिचा!’ वेटर बिल ठेवून जायचा, आपण दुसरी कॉफी मागवायचो.

एकदा मी विचारलं होतं, तुला यात एवढा रस का? तू म्हणालीस, ‘मला चौदाव्या वर्षी सगळ्यांनी थोरांची चरित्रं दिली. शाळेत बक्षीस, चरित्र. वस्तीतल्या कार्यक्रमात सत्कार, चरित्र. पप्पा तर दर वाढदिवसाला. मला थोर नव्हतं व्हायचं गं. मला चौदा वर्षांचं व्हायचं होतं.’ म्हणून तू मोठ्यांच्या वाट्याला न जाता पोरांशी बोलायचीस. ‘भीती वाटेल असं हवं की रडू येईल असं?’ ‘शेवट वाईट असला तर चालेल?’ एक दहिसरचा मुलगा तुला कायम नुसतं ‘संपलं’ एवढंच लिहायचा आणि तू त्याला पुढचं नाव पाठवायचीस.

आणि मग सानिका आली.

बोरिवलीचीच, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पंधरा वर्षांची. तिनं लिहिलं होतं, ‘आई वारते आणि शेवटी सगळं ठीक होत नाही, असं पुस्तक आहे का?’

त्याखाली काय काय आलं होतं! ‘बाळा, सकारात्मक वाच.’ ‘देव चांगल्या माणसांनाच लवकर नेतो.’ हात जोडलेल्या बाहुल्या, फुलं. एका बाईंनी तर ध्यानधारणेच्या वर्गाचा पत्ता टाकला. एकाही माणसानं त्या पोरीला पुस्तकाचं नाव सांगितलं नाही. तू सांगितलंस. डोंगरातल्या गावातली ती मुलगी, जिची आई वारलीये, आणि शेजारपाजारचे पाठवत असलेले जेवणाचे डबे ती एकेक करून दरीत फेकते. आपण तिला डब्यांची कादंबरी म्हणायचो. शेवटी ती मुलगी बरी होत नाही. शेवटी ती फक्त शाळेत जाते.

त्या शेवटावरून आपण किती भांडलो होतो. मी म्हणायचे, पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात असं पुस्तक देताना थोडी तरी आशा हवी. तू म्हणायचीस, ‘ती शाळेत गेली ना? अजून काय आशा पाहिजे तुला, बँड लावू?’

सानिकाच्या आत्याला ते पुस्तक उशीखाली सापडलं. तिनं नेमकं ते पान उघडलं जिथं मुलगी म्हणते, ‘तू मेलीस म्हणून मला तुझा तिरस्कार वाटतो.’ पानाचा फोटो ग्रुपवर आला. ‘ज्या मुलीची आई जाऊन वर्ष झालेलं नाही, तिला हे कोणी दिलं?’

तासाभरात सगळा ग्रुप तुझ्यावर तुटून पडला. त्यांतल्या कुणीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, एका पानाचा फोटो तेवढा बघितला होता. त्यावर मानसशास्त्र, संस्कृती, आजकालची पिढी, सगळं बोलून झालं. आणि मग अरविंद सर आले. ग्रुप चालवणारे, अंधेरीच्या कुठल्याशा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, रोज सकाळी शुद्धलेखनाचा एक नियम टाकणारे. त्यांनी लिहिलं, ‘वाचनाचे संस्कार घरातून, पिढ्यान् पिढ्यांतून येतात. ज्यांच्याकडे ते उशिरा आले, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना काही सुचवताना जरा जपून असावे.’

ज्यांच्याकडे. मी ते वाक्य वाचलं आणि माझे कान तापले. त्यांना तुझं आडनाव माहीत होतं, तुझ्या फोटोतली मागच्या भिंतीवरची बुद्धमूर्ती दिसत होती. एक शब्द वावगा नव्हता आणि सगळं बोलून झालं होतं. त्या वाक्याला लोकांनी अंगठे दिले. नमस्कार केले. ‘अगदी योग्य, सर.’

तू एकच ओळ लिहिलीस, ‘सानिका, पुस्तक वाचून झालं का?’

आणि तुला काढून टाकलं.

मी सरांना फोन केला. मी ओरडले, हे तुला माहीतच आहे. तू म्हणाली होतीस, मुलुंडपर्यंत ऐकू आलं असेल. ते शांतपणे म्हणाले, ‘मृणालताई, तुम्ही समजूतदार घरातल्या आहात. तुम्हाला मी वेगळं काय सांगू?’ म्हणजे मला पंगतीत बसवून घेत होते, लक्षात आलं ना? माझे वडील गिरणीत साचे चालवायचे. घरात पंचांगाशिवाय छापील काही नव्हतं. आमच्याकडे कुठल्या पिढ्यांपासून वाचन आलं होतं? पण माझं आडनाव कोकणातलं, त्यांना चालणारं. मी ग्रुपवर लिहायला गेले तर त्यांनी सगळ्यांचं लिहिणंच बंद करून ठेवलं होतं. ‘वातावरण निवळेपर्यंत.’

त्या शनिवारी उडप्याकडे मी तुला म्हटलं, आपण हे बाहेर काढू. स्क्रीनशॉट आहेत. नावासकट टाकू, सगळ्यांना कळू दे.

तू इडली मोडत बसलीस. ‘नको.’

‘का नको? त्यानं काय लिहिलंय ते कळलं ना तुला?’

‘मला कळलं का विचारतेस?’ तू वर बघितलंस. ‘मृणू, शाळेपासून कळतंय मला.’

‘मग?’

‘मग काय? रोज लढत बसले तर वाचू कधी?’

मी म्हणाले, हे पळपुटेपण आहे. हो, म्हणाले. आणि मग तू म्हणालीस, ‘तुला राग परवडतो, यार. तू चिडलीस की लोक म्हणतात, मृणाल स्पष्टवक्ती आहे. मी चिडले की म्हणतात, बघा, हे लोक असेच.’

मला पटलं नाही. आपण पुढचे कित्येक शनिवार तेच भांडत राहिलो, वेगवेगळ्या शब्दांत. मी म्हणायचे, तू गप्प बसलीस की ते जिंकतात. तू म्हणायचीस, त्यांना जिंकू दे, मला वेळ नाही. आणि खरंच नव्हता. कारण तुला काढल्यावरही पोरं तुला शोधत येत होती. दहिसरवाला ‘संपलं’ म्हणत होताच.

मग एक दिवस सानिकाचे बाबा तुझ्या क्लिनिकवर आले. तू मला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलंस, आवाजात हसू मावत नव्हतं. तुला वाटलं होतं, हा माणूस भांडायला आलाय. पेशंट उठेपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बॅग मांडीवर धरून बसला होता. आत आल्यावर म्हणाला, ‘मॅडम, पुस्तक मी पण वाचलं. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. ते पान वाचून रडली. बहीण माझी घाबरली, म्हणून तिनं तसं केलं. मी नाही घाबरलो.’ आणि मग, दाराशी जाऊन परत वळून, ‘माझ्यासाठी आहे का एखादं? बायको गेलेल्या माणसाचं?’

तू त्याला म्हणालीस, मोठ्यांची पुस्तकं मला येत नाहीत, तुम्ही पोरांचंच वाचा. आणि दिलंस एक.

मी फोनवर किंचाळले, ‘हे त्यांना ग्रुपवर लिहायला सांग! आत्ताच्या आत्ता!’

तू म्हणालीस, ‘त्यांना कशाला त्रास? बायको गेलीये त्यांची.’

बघ. सगळ्यांचा त्रास तुला दिसायचा. जबडा तुझा दुखत होता.

तू गेल्यावर तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला मी इराला घेऊन आले. तुझ्या आईनं पांढरी साडी नेसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती पाणी हवं का विचारत होती, तिला बसवलं तरी पुन्हा उठत होती. त्रिसरण, पंचशील झालं. तुझे पेशंट आले होते, काठ्या टेकत, कमरेला पट्टे बांधून. सानिका आणि तिचे बाबा बोरिवलीहून आले, मागच्या रांगेत बसले. इरा उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींची ओळखही नव्हती.

‘पुढचं पुस्तक’मधून कुणी आलं नाही. एकही माणूस नाही. अंधेरी काय परदेशात आहे?

पण ऑनलाइन शोकसभा मात्र ठेवली. संध्याकाळी, सगळ्यांच्या सोयीनं, लिंक पाठवून. मी घरी माझ्या आईजवळ बसून लिंक उघडली. आईला मी सगळं सांगितलेलं. ती स्क्रीनकडे बघून मालवणीत म्हणाली, ‘ता चेडू गेला तेवा इली ह्यांका आठवण?’

तुझ्या फोटोला कॉम्प्युटरवर झेंडूचा हार घातला होता. अरविंद सर म्हणाले, वैशालीताई आपल्या परिवाराचा आधारस्तंभ होत्या. एक बाई म्हणाल्या, त्यांनी आमच्या मुलांना वाचायला शिकवलं. ज्यांनी अंगठे दिले होते तेच सगळे. डोळे पुसत होते. खोटे नव्हते ते अश्रू, हाच तर संताप आहे! त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी तुझं काही वाईट केलं होतं, हेच त्यांच्या लक्षात नव्हतं.

मग एक चौकोन उजळला. सानिका.

‘सर, तुम्ही त्यांना काढलं होतं.’

सर म्हणाले, ‘बाळा, आज तो विषय नको.’

‘मग कधी?’

तिचा आवाज बंद करण्यात आला. तोंड हलताना दिसत होतं, आवाज नाही. मागे तिचे बाबा उभे होते, त्यांचा हात तिच्या खांद्यावर.

मी माझा माइक सुरू केला. मी भाषण केलं नाही. मी सरांचं ते वाक्य वाचून दाखवलं, फोनमध्ये होतंच. ‘ज्यांच्याकडे ते उशिरा आले.’ नाव घेऊन वाचलं, आणि विचारलं, हे कुणी लिहिलं होतं? कुणी कुणी याला ‘अगदी योग्य’ म्हटलं होतं? एकेक चौकोन काळा होत गेला. कुणाला स्वयंपाक आठवला, कुणाचं नेटवर्क गेलं. शेवटी सरांनी सभाच बंद केली.

त्यानंतर मला वैयक्तिक मेसेज यायला लागले, वैशाली. ‘छान बोललात.’ ‘आम्हालाही तेव्हा खटकलं होतं.’ ‘कुणीतरी बोलायलाच हवं होतं.’ मी एकेकीला उत्तर दिलं: तुम्ही का नाही बोललात? ती हयात होती तेव्हा? मला सरांपेक्षा यांचा राग जास्त येतो. सरांना निदान ते काय करतायत हे माहीत होतं. यांना खटकत होतं आणि यांनी अंगठा दिला.

आणि तुझा राग येतो. पुन्हा पुन्हा तिथंच येते मी. तू एकदा तरी भांडायचं होतंस. माझ्यासाठी नाही, तत्त्वासाठी नाही. तुला जे गिळायला लागत होतं ते बाहेर पडलं असतं म्हणून. गिळून गिळून शेवटी अ‍ॅसिडिटी म्हणालीस! वैद्यकशास्त्रात हे बसत नाही, मला माहितीये. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘शिरा बंद होत्या गं, अपमानानं नाही होत तसं.’ तू सिद्ध करायला इथं नाहीस, म्हणून मी म्हणणार.

ज्या पानावर डब्यांच्या कादंबरीतली मुलगी आईला म्हणते की तू मेलीस म्हणून मला तुझा तिरस्कार वाटतो, ते पान मी काल परत वाचलं. मी म्हणायचे, तेवढं वाक्य लेखिकेनं गाळलं असतं तरी चाललं असतं. नसतं चाललं. हे तुला सांगायचं राहिलं. बाकीच्या भांडणांत मी अजून माझ्या जागी आहे, पण हे एक तू जिंकलीस.

परवा अरविंद सरांचा फोन आला. तुझ्या नावानं मुलांसाठी वाचनाचं बक्षीस ठेवायचंय म्हणाले. मी तुझी जवळची, म्हणून माझी संमती हवी. मी म्हटलं, ‘आधी ग्रुपवर लिहा, की तुम्ही तिला काढलं आणि का काढलं. तुमच्या शब्दांत लिहा, शुद्धलेखन तुमचं चांगलं आहे.’

‘गेलेल्या माणसावरून वाद नको, मृणालताई.’

‘ती होती तेव्हा तरी कुठं होऊ दिलात?’

मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग म्हणाले, आणि आवाज खरंच म्हाताऱ्या माणसाचा होता, ‘एक विचारू का? त्यांनी मला माफ केलं असेल ना?’

मला कीव यायला हवी होती. तू असतीस तर ‘सोडा हो सर’ म्हणून त्यांच्या नातीचं वय विचारलं असतंस. मी म्हणाले, ‘तिनं केलंही असेल. मला सांगून गेली नाही ती. मी केलेलं नाही.’

हे लिहीपर्यंत त्यांनी ग्रुपवर काही लिहिलेलं नाही. माझा नवरा म्हणतो, बाहेर पड त्यातून, कशाला डोक्याला ताप. मी पडणार नाही. रोज सकाळी तिथं शुद्धलेखनाचा नियम येतो, त्याखाली कुणी गुलाब टाकतं, कुणी नमस्कार. आणि त्यांच्याखाली मी रोज लिहिते, ‘वैशालीला का काढलं?’ काल माझ्याखाली सानिकानं तेच लिहिलं. आज सकाळी दहिसरच्या त्या मुलानं.